बैलगाडीचा नंबर

13 ऑक्टोबर 2025, सोमवार

एचआरचा मेल. नोव्हेंबरात मुलाखती. ऑब्जेक्ट ओरिएंटेड डिझाइन आणि डिझाइन पॅटर्न यांवर प्रश्नसंच हवा, उत्तरांसकट. उत्तरांसकट का, तर पॅनेलवर कोणीही बसलं तरी चाललं पाहिजे.

जुना संच उघडला. ओओपीचे चार खांब सांगा. ॲब्स्ट्रॅक्ट क्लास आणि इंटरफेस यांतला फरक सांगा. सिंगलटन लिहून दाखवा. मी नोकरीला लागले तेव्हा हेच तीन होते, याच क्रमाने. पोरांना उत्तरं तोंडपाठ.

14 ऑक्टोबर

कारखान्याचा फोन. 1 नोव्हेंबरपासून गळीत. ऊसनोंद, काटा, बिल, तिन्ही मॉड्यूलं त्याआधी तपासून हवीत. दरवर्षी हेच, दरवर्षी दिवाळीत.

यंदा वर एक भर. शेजारच्या तालुक्यातला बंद पडलेला कारखाना त्यांनी भाड्याने घेतलाय. "सॉफ्टवेअर तेच चालवा मॅडम, फक्त नाव बदलायचं."

फक्त!

16 ऑक्टोबर, गुरुवार

नवी मुलगी जुलैपासून आहे. जेवणाच्या सुट्टीत पॅटर्नचं पुस्तक उघडून बसते, डबा थंड. आज विचारलं, "मॅडम, स्ट्रॅटेजी आणि स्टेट, दोन्हींची आकृती डिट्टो आहे. मग नावं दोन कशाला?"

प्रश्न रास्त आहे. आकृत्यांवर गेलं तर उत्तर सापडत नाही.

तोडणी चिठ्ठीवर दाखवलं. चिठ्ठी निघाली, गाडी भरून काट्यावर आली, रिकामी होऊन परत वजन झालं, बिलात गेली. चिठ्ठी आपल्या पायाने पुढे जाते. रिकामं वजन व्हायच्या आत कोणी बिल मागितलं तर तीच नाही म्हणते. ही स्टेट. दर कसा काढायचा हे मात्र चिठ्ठी ठरवत नाही. ते बाहेरून येतं, संचालक मंडळाकडून. ती स्ट्रॅटेजी.

"म्हणजे कोण बदलतंय ते बघायचं?"

हो. प्रश्नसंचात घातला. उत्तराच्या रकान्यात काय लिहावं कळेना, मोकळा ठेवला.

17 ऑक्टोबर, शुक्रवार

गेल्या हंगामाचा वाहतूक अहवाल तपासत होतो. सर्वांत जास्त खेपा करणारं वाहन: एमएच 09 एक्सएक्स 0000. एकटा पठ्ठ्या रात्रंदिवस ओढतोय. दुसऱ्या नंबरावरचा ट्रक जवळपासही नाही.

मुलगी म्हणाली, "याचा सत्कार केला पाहिजे."

कोड काढला. वाहन हा वरचा क्लास. त्याखाली ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी. वाहनाला नोंदणी क्रमांक सक्तीचा, रिकामा चालत नाही. बैलगाडीला आरटीओचा नंबर कुठला? कुण्या जुन्या गड्याने रात्री दोन वाजता (वेळ कमिटमध्ये दिसते) खोटा नंबर ठोकून दिला आणि झोपला. तेव्हापासून तालुक्यातल्या सगळ्या बैलगाड्या मिळून एक गाडी.

बैलगाडी वाहन आहे का? शाळेत हो. कोडमध्ये नाही. वाहनाने जे जे कबूल केलंय ते बैलगाडीला पाळता येत नाही. बार्बरा लिस्कोव्ह ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या 1987 च्या ऊप्सला परिषदेत हेच बोलल्या होत्या: जिथे वरचा प्रकार चालतो तिथे खालचा ठेवला तर वापरणाऱ्याला धक्का बसता कामा नये. मुलाखतीत याला चौरस आणि आयताचं उदाहरण देतात. चौरसाची रुंदी बदलली की उंचीही बदलते, मग तो आयत कसला? पण चौरसापायी कोणाचं भाडं अडत नाही. बैलगाडीवाल्याचं अडतं.

जुना संच: चौरस-आयत खोडला.

आज वसुबारस. घरी जाताना लक्षात आलं.

18 ऑक्टोबर

आणखी वाईट. वाहनाखाली ट्रक-हार्वेस्टर, ट्रॅक्टर-हार्वेस्टर असे क्लासही आहेत. ऊस माणसांनी तोडला की यंत्राने, याचा गाडीशी संबंध काय? तीन गाड्या, दोन तोडण्या, झाले सहा. आता जुगाड म्हणजे ट्रॅक्टरगाडी आली, आठ. प्रत्येकात भाड्याचं तेच गणित चिकटवलेलं. दोन ठिकाणी पैसे राउंड करायची पद्धत वेगळी.

21 ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

आई म्हणाली, आज लॅपटॉप काढलास तर बघ. नाही काढला. पॅटर्नचं पुस्तक काढलं, त्याला ती काही म्हणाली नाही.

गॅमा, हेल्म, जॉन्सन, व्लिसिडीस. 1994 च्या ऑक्टोबरात आलेलं, कॉपीराइट 1995 चा. तेवीस पॅटर्न. उदाहरणं सी प्लस प्लसमध्ये, काही स्मॉलटॉकमध्ये. जावा तेव्हा बाजारात यायची होती. आणि मुलाखतीत आम्ही सगळं जावातच मागतो, जणू तिच्यासाठीच लिहिलंय.

दोन मोठ्या गोष्टी सुरुवातीच्याच प्रकरणात सांगून मोकळे झालेत. आतल्या क्लासवर विसंबू नका, इंटरफेसवर विसंबा. आणि वारशापेक्षा जोडणीला आधी पसंती द्या. पुढचे तेवीस म्हणजे या दोन्हींचा रियाज. पोरं मागची यादी पाठ करतात, पहिलं प्रकरण कोरं.

1999 च्या ऊप्सलात या चौघांवर लुटुपुटूचा खटला भरला होता. आरोप: संगणकशास्त्राविरुद्ध गुन्हे. जमलेल्या ज्यूरींपैकी दोन तृतीयांशांनी दोषी ठरवलं. आमच्या ऑफिसात असा खटला भरवायचा म्हटला तर आरोपी फार होतील.

25 ऑक्टोबर, शनिवार

पाऊस थांबेना. रानात घात नाही, गाड्या आत जाणार नाहीत. शेतकी ऑफिस म्हणतं तोड लांबणार. बरंच आहे, असं मनात आलं. मग शेतकऱ्याच्या पोरीने असं म्हणू नये, असंही.

27 ऑक्टोबर, सोमवार

दराचा घोळ.

एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, यंदा 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये. वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये. जुन्या कारखान्याचा उतारा 11.50 धरायचा. म्हणजे 398.25, टनाला 3,982 रुपये 50 पैसे. भाड्याच्या कारखान्याचा 10.80. म्हणजे 374.03, टनाला 3,740 रुपये 30 पैसे. तोडणी-वाहतूक यातून वजा व्हायची ती वेगळी.

टेस्ट सर्व्हरवर दोन्हीकडे 3,982.50.

सकाळी ज्याने आधी लॉगिन केलं त्याचा दर दोघांना. दुपारी सर्व्हर परत चालू केला, तर दोन्हीकडे 3,740.30.

दरपत्रक हा सिंगलटन. 'कारखाना एकच, दर एकच' या भरवशावर कोणीतरी बांधलेला. लिहिलाय मात्र देखणा. दुहेरी तपासणीचं लॉक, व्होलाटाइल, सगळं जागच्या जागी. जावा 5 च्या आधी ही युक्ती भरवशाची नव्हती, तेही टिपेत नोंदवलंय. मुलाखतीत दहापैकी दहा.

एरिक गॅमा स्वतः 2009 च्या एका मुलाखतीत म्हणाला होता, यादीतून एक काढायचा तर मी सिंगलटन काढेन. सोळा वर्षं झाली. आमच्या संचात तो अजून तिसऱ्या नंबरावर.

प्रश्न बदलला. 'सिंगलटन लिहा' याऐवजी: 'एकच आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?'

28 ऑक्टोबर

एचआर: "मॅडम, या प्रश्नाचं मॉडेल आन्सर काय?"

29 ऑक्टोबर, बुधवार

कारखान्यावर. मुलीला बरोबर नेलं. शेतकी अधिकारी, केन यार्डचे सुपरवायझर, काट्यावरचे मामा, सगळ्यांना गेस्ट हाउसच्या टेबलाभोवती बसवलं. चहा, शेव-चिवडा, दिवाळीचे उरलेले लाडू.

गेल्या हंगामाच्या कोऱ्या वजनपावत्या होत्या, त्यांच्या पाठीवर कार्डं केली. एका कार्डावर एक नाव. डावीकडे त्याने काय करायचं, उजवीकडे कोणाची मदत लागते. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांची 1989 ची रीत, ओओपी शिकवायला काढलेली. मी इंजिनियरांबरोबर करून पाहिली होती. ते आकृत्या काढत बसतात. ही माणसं भांडतात.

'वाहन' कार्डावर मुलीने 'भाडं काढणे' लिहिलं. सुपरवायझरांनी कार्ड उचललं आणि शेतकी अधिकाऱ्यांपुढे सरकवलं. "भाडं तुमचं. आम्ही गाडी आत घेतो, बाहेर काढतो." शेतकी अधिकारी म्हणाले, "अंतर आमचं, भाडं करारात." मग 'करार' नावाचं कार्ड निघालं. आमच्या कोडमध्ये करार कुठेच नव्हता, अंतराचा तक्ता तेवढा होता.

मामा गप्प. शेवटी म्हणाले, "पोरी, काट्यावर गाडीचं नाव कोण बघतंय? भरलं किती, रिकामं किती, आणि चिठ्ठी कुणाची. झालं."

मुलीने 'वाहन' कार्ड उलटं केलं आणि पुढे बोलत राहिली. कोणाला त्याची उणीव भासली नाही. मी पाहत होते.

परतीच्या एसटीत ती झोपली. मी कार्डं मोजून रबर लावलं.

1 नोव्हेंबर, शनिवार

मोळी टाकली. फोटो आले. काटा चालू. भाड्याच्या कारखान्यावर अजून बॉयलरचं काम.

2 नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

उपास. साबुदाणा खाऊन कपातींचं डिझाइन.

बिलातून काय काय वजा होतं: विकास सोसायटीचं पीककर्ज, बँक, पाणीपुरवठा संस्था, खत-बियाण्याची उधारी, शेअरचे हप्ते. क्रम ठरलेला. वरच्याने घेतलं की उरलेल्यातून खालचा घेतो. रक्कम संपली की बाकी पुढच्या बिलावर. आजचा कोड चार-चार टिंबं टाकत चालतो: बिल, त्याचा शेतकरी, त्याची सोसायटी, तिचं कर्ज, त्याची बाकी. मधली एक सोसायटी दुसरीत विलीन झाली की नल आणि स्क्रीन लाल. दुसऱ्याच्या घरातून तिसऱ्याच्या घरात हात घालू नये, हा डिमीटरचा नियम 1987 चा आहे. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातला.

3 नोव्हेंबर

मुलगी: "ही चेन ऑफ रिस्पॉन्सिबिलिटी ना?"

मी: "पुस्तकातल्या साखळीत एकाने काम हाताळलं की थांबतं. इथे प्रत्येकाचा हात पडतो."

"मग डेकोरेटर?"

"म्हण. किंवा म्हणू नकोस. यादी आहे, क्रमाने चालव."

ती नाराज. नाव हवं होतं. समोरचा पायथनवाला पोरगा म्हणाला, "फंक्शनांची लिस्ट आहे ताई, कसलं नाव." पीटर नॉर्विगने 1996 मध्ये दाखवलंच होतं, लिस्पसारख्या भाषेत तेविसातले सोळा एक तर सोपे होतात किंवा दिसेनासे होतात. पोराला हे सांगितलं नाही. आधीच चढलाय.

पण नावाचा उपयोग नाही असंही नाही. परवा फोनवर 'तिथे ॲडॉप्टर लाव' एवढंच म्हणाले आणि तिने तासाभरात जुना काटा नव्या कोडला जोडून दिला. नाहीतर अर्धा तास बोलणं.

4 नोव्हेंबर, मंगळवार

एफआरपीच्या हप्त्यांची अट कोडमध्ये शोधली. फेब्रुवारी 2022 च्या शासन निर्णयाने राज्यात एफआरपी दोन टप्प्यांत द्यायची वाट उघडली. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. आमच्याकडे 'हंगाम 2022 नंतरचा असेल तर' हे वाक्य बिलात, पासबुकात, एसएमएसमध्ये, बँक फाइलमध्ये, सगळीकडे शिंपडलेलं. एका निकालाने एवढ्या फाइली उघडायला लावल्या.

डेव्हिड पार्नास, 1972: कामाच्या पायऱ्यांवरून कार्यक्रमाचे भाग पाडू नका. जे निर्णय बदलायची शक्यता आहे ते एकेका भागात लपवा. त्यात ना क्लास, ना वारसा. माझ्या मते हा निबंध वाचलेल्याला चार खांब विचारायची गरज नाही, आणि न वाचलेल्याला विचारून फायदा नाही. एचआरला हे वाक्य पाठवलं नाही.

आता दर काढायच्या तीन रीती, तीन फाइली: एकरकमी, दोन हप्ते (जुन्या हंगामांच्या पासबुकासाठी), आणि मंडळाने जाहीर केलेली पहिली उचल. कुठली कधी, ते हंगाम आणि कारखाना यावर. सिंगलटन गेला.

6 नोव्हेंबर

दराचं आंदोलन. गाड्या अडवल्यात. काट्यावर शांतता. मामांनी फोन करून विचारलं, रिकाम्या वेळात प्रिंटरचा पट्टा बदलू का.

8 नोव्हेंबर, शनिवार

झोप नाही. ॲलेक्झांडर वाचला. पॅटर्न हा प्रकार मुळात त्याचा. ख्रिस्तोफर ॲलेक्झांडर, वास्तुरचनाकार. 1977 च्या ग्रंथात 253 पॅटर्न, शहरापासून खिडकीतल्या बसायच्या जागेपर्यंत. बेक आणि कनिंगहॅमनी 1987 मध्ये ती कल्पना स्मॉलटॉकच्या खिडक्यांना लावून पाहिली, तिथून आमच्यात आली.

पण त्याच्याही आधीचं, 1964 चं पुस्तक. त्याच्या परिशिष्टात एक भारतीय खेडं आहे. हा माणूस गुजरातेतल्या खेड्यात काही महिने राहिला होता. खेड्याच्या 141 गरजा लिहून काढल्या: गुरं, विहिरी, जाती, देवळं. मग कुठली गरज कुठलीला अडते किंवा जोडते ते तपासून त्यांचे गट पाडले. जिथे गुंता दाट ते एकत्र, जिथे धागे विरळ तिथे कापायचं.

क्लास कुठे कापायचा, याचं याहून चांगलं वर्णन पॅटर्नच्या पुस्तकांत मला दिसलं नाही.

11 नोव्हेंबर, मंगळवार

तोडगा निघाला. गाड्या सुटल्या. आता घड्याळ. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून 14 दिवसांत पैसे, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. पहिल्या पंधरवड्याचं बिल नव्या कोडवर काढायचं की जुन्या? साहेब म्हणाले, दोन्हीवर काढा, ताडून बघा.

13 नोव्हेंबर

ताडून पाहिलं. फरक फक्त बैलगाड्यांच्या भाड्यात. नवं बरोबर. जुन्यात सगळ्यांचं एकाच नंबरावर जमा होऊन हाताने वाटलं जायचं म्हणे. वाटणारा कारकून यंदा निवृत्त झाला.

14 नोव्हेंबर, शुक्रवार

मुलाखती.

पहिला: चार खांब, सॉलिडची पाच तत्त्वं, सिंगलटन, सगळं खणखणीत. विचारलं, जावाच्या स्टॅकमध्ये मधोमध वस्तू घालता येते, ती का? म्हणाला, येत नाही मॅडम, लास्ट इन फर्स्ट आउट. येते. स्टॅक तिथे व्हेक्टरचा वारस आहे. वारशात नको ते दरवाजेही मिळतात. त्याने वहीत लिहून घेतलं. हे आवडलं.

दुसरी: ऑब्झर्व्हर सुरेख सांगितला. मी म्हटलं, जावातला तयार ऑब्झर्व्हेबल वापराल? नाही म्हणाली, जावा 9 पासून तो वापरू नका म्हणून ठेवलाय, आणि तो क्लास असल्यामुळे आपल्या क्लासला दुसरा वारसा घेता येत नाही. घ्यावी.

तिसरा: सांगोल्याचा. डिप्लोमा करून मग डिग्री. चार खांबांतले दोन आठवले. त्याला बैलगाडीचा प्रश्न दिला. नोंदणी क्रमांक कुठे ठेवशील? बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग: "मॅडम, तुम्ही पैसे गाडीला देता का खेपेला?"

खेपेला.

"मग गाडी कशाला हवीय? खेपेला वजन पाहिजे, अंतर पाहिजे, पैसे घेणारा पाहिजे. नंबर असला तर गेटवर लिहून घ्या."

पॅनेलवरच्या दुसऱ्या साहेबांनी संचातली उत्तरं ताडून मार्क दिले. दहापैकी चार. मी नऊ दिले. सरासरी साडेसहा. कटऑफ सात.

17 नोव्हेंबर, सोमवार

एचआरशी बोलले. "प्रोसेस आहे मॅडम." दुसरी फेरी घ्यायला तयार झाले.

18 नोव्हेंबर

सांगोल्याच्या मुलाने फोन उचलला नाही. संध्याकाळी मेसेज: पुण्यात झालं, सोमवारी रुजू होतोय, धन्यवाद मॅडम.

मुलीने वाहनाखालचे आठही क्लास काढून टाकले. उरलं ते खेप, करार, तोडणीची पद्धत. कमिटच्या टिपेत पॅटर्नचं नाव नाही.

20 नोव्हेंबर, गुरुवार

भाड्याचा कारखाना सुरू. रात्री नऊला तिथल्या शेतकी अधिकाऱ्यांचा फोन. हार्वेस्टरने तोडलेल्या उसात पाला-पाचोळा येतो, त्याची टक्केवारीने वजावट. "कपातीत एक वाढवा, मॅडम. उद्यापासून."

मुलगी अजून ऑफिसातच होती. खूश. एक नवी फाइल, यादीत एक ओळ, म्हणाली, दहा मिनिटं.

दहा मिनिटांनी टेबलापाशी आली. "मॅडम, आपल्या कपातीला रुपये मिळतात आणि ती रुपये परत देते. ही पैशातून नाहीये. वजनातून आहे."

म्हणजे दराच्या आधी. म्हणजे काट्याजवळ, आणि तोडणीच्या मजुरीला कुठलं वजन धरायचं तेही आलं. भाड्याला कुठलं, तेही.

"मग इथे काय लावायचं?"

म्हटलं, अजून काही लावू नकोस. मामांची रात्रपाळी आहे, फोन कर. वजावट पावतीवर छापतात की नुसती बिलात दाखवतात, ते आधी विचार.